शिंगराशिवाय

बेगिमाय परतली ती नारीनहून शेवटच्या गाडीनं,
अंगाला मॉस्कोच्या फिनेलचा वास,
बॅगेत माझ्या गुडघ्यांसाठी मलम
आणि पोरीसाठी सहा महिन्यांच्या मापाचं झबलं.
पोरगी तेव्हा आठ महिन्यांची.

दोन महिन्यांची होती तेव्हा मीच म्हटलं होतं, जा.
ट्रॅक्टरचे हप्ते थकलेले, तालायचा पाय प्लास्टरमध्ये,
आणि टिनातलं दूध काय वाईट असतं?
मीच म्हटलं होतं.
तिथं हॉटेलच्या संडासात कडी लावून
पहिले पंधरा दिवस तिनं दूध बेसिनमध्ये पिळलं,
मग रुमाल आवळून बांधला छातीला,
मग एका सकाळी रुमाल कोरडा निघाला.
हे तिनं मला नाही सांगितलं.
नर्सला सांगत होती, मी चहा गाळत होते.

पोरीनं तिच्याकडे पाहिलं
मीटर वाचायला आलेल्या माणसाकडे पाहावं तसं,
आणि माझ्या मानेत तोंड खुपसलं.
खोटं कशाला बोलू,
मला बरं वाटलं.

नर्स उमसुनाय म्हणाली, येईल परत.
दर तीन तासांनी लावायचं, रात्रीसुद्धा.
एक नळी दिली, सुतळीहून बारीक:
एक टोक कपातल्या दुधात,
दुसरं चिकटपट्टीनं बोंडाशी.
पोरीला वाटावं आईचंच येतंय,
हळूहळू आईलाही तसंच वाटावं.
मी हसले. असं कुणी फसतं का?
मग आठवलं, जन्मभर मी दुसरं काय केलं?
घोडीखाली आधी शिंगरू सोडायचं,
चार ढुशा मारू द्यायच्या,
मग त्याला ओढून बाजूला बांधायचं नि आपली बादली धरायची.
शिंगराशिवाय घोडी पान्हवत नाही.
ढुशी बसल्याशिवाय सडाला काय कळणार.

पहिल्या दिवशी पोरगी किंचाळली.
दुसऱ्या दिवशी चावली, खालच्या दोन नव्या दातांनी.
पाचव्या दिवशी नळी निसटून दूध सगळं गादीवर
आणि बेगिमाय म्हणाली, अपा, मी भाकड झालेय, सोडा आता.
मी म्हटलं, भाकड हा शब्द माझ्या गोठ्यातला,
कुणाला लावायचा ते मी ठरवते.

बाटली मी फळीवर ठेवली होती,
पिठाच्या डब्यामागे.
अकराव्या रात्री पोरगी रडत होती, सून न्हाणीत.
मी डब्यामागे हात घातला.
बाटली बोटांना लागली, गार.
पोरीनं माझा खांदा ओळखला, तोंड उघडलं.
किती वेळ तशी उभी होते
ते चुलीला विचारा.
मग तिला रडती तशीच उचलली
आणि न्हाणीचं दार वाजवलं.
ओल्या केसांनी, ओल्या हातांनी
तिनं घेतली.

सतराव्या सकाळी धार काढून आत आले
तर बेगिमाय खिडकीशी, सदरा उजेडात धरून.
डावीकडे एक डाग, नाण्याएवढा.
दोघी त्याच्याकडे बघत राहिलो.
मी म्हटलं, चहा सांडला असेल.
ती म्हणाली, असेल.
मग आळीपाळीनं दोघींनी वास घेतला.

आता दीड महिना होत आला.
कपात दीडशे लागायचं, ऐंशीवर आलंय.
सगळं येईलच असं नाही, उमसुनाय म्हणते,
आलंय त्यात आनंद माना.
टिन चालू आहे. हप्तेही.
पोरगी रात्री तिच्या कुशीत झोपते,
माझ्या मानेवर उजवीकडची एक जागा
उगाच जागी राहते.
बाटलीनं मी आई मेलेलं एक कोकरू पाजते.
दूध संपलं तरी ते ढुशा देत राहतं
माझ्या गुडघ्याला,
मलम लावलेल्या.