टिकली

बाटलीला मी टिकली लावली होती
ती नवऱ्यासाठी.
मरून रंगाची, पाकिटातली शेवटची,
माल जिथवर होता बरोबर तिथं, बाहेरून.
फ्रिजच्या वर, गव्हाच्या डब्यामागं.
सुधाकर म्हणतो, मी का रोज घेतो?
शनिवारची घेतो, घरात घेतो,
कोणाच्या ओट्यावर पडून नाही राहत.
आणि मी, खोटं कशाला सांगू,
मान डोलवायची. शेंगदाणे तळून द्यायची,
वरून कांदा, लिंबू, तिखट.

नागपूरचा मे. कूलरच्या ताट्या वाळून कडक.
टिकली जिथल्या तिथं होती.
मला बरं वाटलं.
उन्हानं का होईना, माणूस सुधारला म्हटलं.
पण रंग.
आधी होता कोऱ्या चहाचा,
मग पाहुणे वाढले म्हणून वाढवलेल्या चहाचा,
मग जिरं उकळलेल्या पाण्याचा.
पातळी तीच.

सुधाकरनं एक घोट जिभेवर फिरवला, म्हणाला,
दुकानदार भामटा झाला, बाप्पा.
अन् त्यानं दुकान बदललं.
कमाल चौक सोडून पार मंगळवारीपर्यंत गेला.

पौर्णिमेला आम्ही विहारात जातो, तिघं,
पांढरे कपडे, मेणबत्त्या, अगरबत्तीचा पुडा.
पहिल्या शीलापासून सुधाकरचा आवाज खणखणीत,
विजेच्या खांबावरून खाली ओरडणाऱ्या माणसाचा.
पाचव्याला तो खाली येतो.
खोकला येतो त्याला, वर्षानुवर्षं, नेमका तिथं.
मला सवय आहे.

ह्या खेपेला दोन खोकले झाले.

सुगत माझ्या डाव्या हाताला.
दहावीचा निकाल यायचा आहे,
मिसरूड अजून पेन्सिलीनं काढल्यासारखं.
मान खाली.
माझ्या बोटावर मेण गळून राहिलं होतं
अन् मला ते कळत नव्हतं.

बर्फाला कोण पाठवायचं त्याला?
सात वर्षांचा होता, ट्रे पिळून
चार तुकडे गिलासात सोडायचा, एक न सांडता,
साहेबाकडचे लोक म्हणायचे, पोट्टा हुशार आहे.
बाराव्या वाढदिवसाला मामानं
बोटानं फेस चाखवला.
त्यानं तोंड वाकडं केलं, सगळे हसले.
मी पण. फोटो आहे.
घरातच आहे, डोळ्यासमोर आहे, असं वाटायचं.
डोळ्यासमोर होतं खरं.

रात्री सांगितलं तर सुधाकर पट्टा शोधत उठला.
त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेला
आणि थांबला,
खांबावर चढण्याआधी
लाइन चालू आहे का बंद, ते पाहतात तसा.
परत आला. खाटेवर बसला.
काय सांगू त्याले? कोणत्या तोंडानं सांगू?
मी म्हटलं, ह्याच.
दुसरं कुठून आणशील.

आमच्याकडं नळ साडेअकराला येतो.
कूलर भरायला दोघं बाहेर गेले,
पाइप सुगतच्या हातात, टॉर्च सुधाकरकडं.
मी खिडकीच्या आत, अंधारात, श्वास धरून.
पंख्याच्या घरघरीत अर्धं कळलं नाही.
पोरानं काहीतरी विचारलं, लांबलचक.
एवढंच ऐकू आलं, बापाचं,
"मले बी भेव वाटते बे."
मग बराच वेळ नुसतं पाणी.
टाकी भरली, वाहिली, अंगण ओलं झालं,
शेजारच्या मेश्रामबाई ओरडल्या
तरी कोणी नळ बंद करेना.

सकाळी बाटली मोरीत पालथी होती.
कोणी केली, मी विचारलं नाही.
वास दुपारपर्यंत जाईना.
अन् शनिवार यायला अजून चार दिवस आहेत,
हेही मला माहीत आहे.

टिकली खरवडून काढली,
आरशाला लावून पाहिली. गोंद गेलेला.

पुढच्या पौर्णिमेला मी
दोघांच्या मधात बसणार आहे, कान देऊन.
त्यांचं तर ऐकीनच.
पण एक आवाज मी आजवर ऐकलाच नाही,
शेंगदाणे तळणाऱ्या बाईचा,
पाचव्याला.