झाकण

कुशिरो स्टेशनबाहेर टॅक्सींची रांग. रात्रीचे पावणेदोन.
धुकं असं, की पुढच्या उचियामाच्या गाडीचा
नुसता मागचा लाल दिवा उरलाय.
मी हातमोजे काढतो, कप्पा उघडतो,
यंत्राचं झाकण वर करतो
आणि तळहाताएवढ्या उजेडात
एक अख्खा डोंगर उभा राहतो, गवतासकट.

गवत वाऱ्याने हलतं.
लढाईत त्याचा काडीचा उपयोग नाही,
पण कुणीतरी रात्र रात्र बसून ते हलवलंय.
एवढ्यासाठी मी अजून खेळतो.

बाकी वैतागच.
अक्षरं मुंगीच्या पायाएवढी; एकोणसाठाव्या वर्षी
चष्मा कपाळावर ढकलून यंत्र नाकाशी धरावं लागतं.
डावी दांडी झिजलीय. अंगठा काढला तरी
माझा शूरवीर आपला डावीकडे सरकत राहतो,
हळूहळू, कड्याच्या दिशेने,
जणू तिथे त्याचं काही विसरलंय.
भिंतीपाशी जुंपली की कॅमेरा भिंतीत शिरतो
आणि मी विटा बघत बघत मरतो.
मग पार पायथ्याच्या घंटेपासून
ये रे माझ्या मागल्या.

आणि ती सेरा. माझी वैद्य.
झोळीत एकवीस बाटल्या औषध,
मी रक्तबंबाळ शेजारी पडलेला,
आणि बाईसाहेब सशांना दगड मारतायत.
तीनशे तास शिव्या घातल्या तिला.
काचा वर करून, मोठ्याने.

आज जमत आलं होतं.
दलदलीतला तो सहा पायांचा,
त्याच्या डोक्यावरची लाल रेघ नखाएवढी उरलेली,
त्याने नुकतीच झेप घेतलेली,
आणि काचेवर टकटक.

गिऱ्हाईक. झाकण मिटलं.

या झाकणाला मात्र मानलं पाहिजे.
ओताताोशिकेच्या बाजूला निघालो,
पंचवीस मिनिटं वायपर चालू,
आणि कप्प्यात, विम्याच्या कागदांवर,
तो जबडा वासून हवेत तसाच लटकलेला.
गवतसुद्धा थांबलेलं.
बाहेर असं काही मिटता येत नाही.

मागे एक मुलगी, मासळीच्या शेडमधून सुटलेली,
गळ्यातल्या पासवर नाव, होनामी.
रबरी बूट पिशवीत. अर्धवट झोपेत म्हणाली,
‘काका, झाकण मिटताना ऐकलं मी. सहा पायांचा ना?
वैद्यबाई बरं करत नाही?’
मी आरशात पाहिलं.
‘पर्यायांत जा, चौथं पान.
“मनाला येईल ते कर” असं असेल तिथे,
ते काढून “आधी जखमी बघ” करा.’

चौथं पान.
मी दुसऱ्यापुढे कधी गेलोच नव्हतो.
तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
आरसा उगाच जरा सरळ केला
आणि पुढचं वळण थोडं उशिरा घेतलं.

परतताना पेट्रोलपंपाच्या छपराखाली थांबलो.
चौथं पान उघडलं. सांगितलं तिला.
जबडा अंगावर कोसळला, मी पडलो,
आणि सेरा धावत आली.
कसली धावली! झोळी आपटत, केस सुटलेले;
हे धावणंही कुणीतरी आधीच काढून ठेवलेलं,
तीनशे तास पडून होतं आत.

मेला एकदाचा. मला हवं होतं त्याचं सोनेरी खवलं,
त्याशिवाय तलवार घडत नाही.
मिळाली सडकी शेपटी. त्रेचाळिसावी.

पहाटे गाडी झाडताना मागच्या सीटवर
एक खवलं सापडलं, बांगड्याचं असावं.
लोहार हे घेणार नाही, ठाऊक आहे.
तरी मीटरच्या कडेला चिकटवून ठेवलं.

बॅटरीचा दिवा लाल झालाय.
शूरवीर डावीकडे सरकतोय.
सेरा त्याच्या मागे मागे.
उचियामाची गाडी पुढे सरकली; मीही सरकतो.