विषय क्रमांक चार

सभेची वेळ सहाची. सुरू झाली पावणेसातला,
कारण मॉडेल रिक्षात मावेना.
शेवटी बिल्डरच्या दोन पोरांनी ते हरभट रोडवरून
चालत आणलं, आजाऱ्याला आणतात तसं, जपून.
चौदा मजले. थर्माकोल. हिरव्या स्पंजाची झाडं.
कडेला निळा जिलेटिन कागद,
ती कृष्णा.

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे असतं.
अक्षर बरं आहे, आणि मी मध्ये बोलत नाही.

शाळेचा हॉल. बाकं चौथीच्या मापाची,
गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेली अख्खी गल्ली.
फळ्याच्या वर हातभर
एकोणिसच्या पुराची तपकिरी रेघ,
दोनदा रंग दिला तरी परत उमटलेली.

पारिसा आरवाडे म्हणाले,
आई दोन रात्री माळ्यावर होती, हळदीच्या पोत्यांवर.
उतरवली तेव्हा पाय पिवळेधमक, आणि हसत होती.
मला पाचवा द्या, नववा द्या, कुठलाबी द्या,
पाण्याशी माझं भांडण नाही,
त्याच्या वर राहायचंय, एवढंच की.

कुंदाताई उपळावीकर उठल्या.
पुरात आठ आठ दिवस लाईट नसते.
चौदाव्यावर घागर कोण नेणार?
नाव काय जिना चढते होय?
मागून कुणीतरी : तुमच्या गच्चीवरचं ऊन जाणार, ते सांगा!
त्या म्हणाल्या, जाणार. तेही लिहा.
मी लिहिलं. मग खोडलं.
अध्यक्ष बघत होते.

मग रियाज शिकलगार पुढे आला.
एरवी कात्र्यांना धार लावतो. पुरात
गुळाच्या काहिलीतून माणसं काढली होती त्यानं,
तीन तीनच्या खेपा.
स्केल काय, त्यानं विचारलं.
एकास शंभर, बिल्डर म्हणाला, जरा खूश होऊन.
रियाजनं मनात काहीतरी भागलं,
आणि दोन बोटं आडवी धरली मॉडेलच्या पायाशी.
आपल्या गल्लीतलं पाणी, हे एवढं.

बोटांखाली गेलं पार्किंग,
वॉचमनची खोली, लाल रंगाची एक छोटी गाडी.
वरचे मजले तसेच कोरडे, दिमाखात.
भडंगाची पुडी फोडत होतं कोण, तो आवाज थांबला.

तुम्ही भराव टाकणार, रियाज म्हणाला,
मग ही दोन बोटं सरकणार की इकडं.
आणि त्यानं ती खरंच सरकवली,
जिथं मॉडेल संपत होतं
आणि नुसतं टेबल होतं,
तिथं.

यादीत मालक तेवढे.
तायव्वा दाराशी उभी. एकतीस वर्षं जिन्याखालची खोली,
भाड्याच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत,
पिशवी पोलक्यात.
तिनं विचारलं, मला कितवा?
बिल्डर म्हणाला, मावशी, आपण नंतर बोलू.
तो चांगला माणूस असावा, त्यानं मान खाली घातली होती.

हात मोजले.
बाजूने एकवीस. विरोधात एकवीस. हजर सदतीस.
परत मोजले तर बाजूने चोवीस झाले.
कुंदाताई, तुमचा हात दोन्हीकडं होता, कुणी ओरडलं.
त्या म्हणाल्या, होता.
माझा कुठेच नव्हता. माझ्या हातात पेन होतं.
नववा मजला, सहाशे बारा चौरस फूट,
पूर्वेकडे खिडकी, असं मला कागदावर
मागच्याच आठवड्यात दाखवून गेलेत.

रात्री स्वच्छ प्रत काढली :
सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन
विषय पुढील सभेपुढे ठेवणेत येत आहे.
तायव्वाचा प्रश्न समासात घातला, पेन्सिलीनं.
समासातलं धरत नाहीत.

वही ठेवायला स्टूल घ्यावं लागलं.
पुरापासून खालच्या कप्प्यात मी काही ठेवत नाही.
रेशनकार्ड, शिलाई मशीनचं डोकं,
ह्यांचा फोटो, पापडाचा डबा,
सगळं वर, छताला टेकलेलं.
वही त्यातच सरकवली
आणि खाली उतरले, झोपायला.