काळीजभरण

नाडी आज पुन्हा चुकली.
चुकली असं तिला स्वतःला वाटत नसावं.
दोन ठोके घाईत, मग एक पोकळी,
मग तीन, एकमेकांच्या टाचेवर पाय देत,
कुत्र्याने हाकललेली मेंढरं
फाटकातून एकदम घुसावीत
आणि एखादं मागे, गवतात तोंड घालून उभं राहावं, तसे.

वरचे कप्पे थरथरतात, मिस्टर ऑल्डरसन,
पिळत नाहीत नीट, डॉक्टरीण म्हणाली.
आजाराचं लांबलचक नाव सांगितलं.
मी ते बिलाच्या पाकिटावर लिहून घेतलं,
पाकीट खिशात राहिलं, विजारीबरोबर धुतलं गेलं.

रक्त पातळ करायची गोळी, सकाळ-संध्याकाळ.
चाळीस वर्षं मी स्वेलडेलमध्ये बिनचुन्याच्या भिंती रचतोय,
बोटांची सालटी निघणं हा या धंद्याचा पोटखर्च.
आता साधं खरचटलं तरी
दगडावरचा ओघळ थांबता थांबत नाही,
आणि वरच्या मळ्यावरचा जेथ्रो विचारतो,
आज कुणाला मारलंस?

बहिणीने बाटली आणली. हॉथॉर्नच्या फळांचा अर्क,
माझ्याच भिंतीलगतच्या झाडाचा. हृदयाला बळ देतो म्हणाली.
औषधांच्या दुकानातली नसरीन बाटलीकडे बघत राहिली,
मग माझ्याकडे. हा तुमच्या गोळ्यांशी भांडेल, म्हणाली.
बाटली खिडकीत ठेवलीय.
चारच्या सुमारास उन्हात लाल दिसते.
हेस्टरला सांगितलंय, घेतो.

बुधवारी चॅपलच्या मागच्या खोलीत योग.
आठ बायका आणि भोक पडलेल्या मोज्यातला मी.
फिलिपा श्वासाला एक परदेशी नाव घेते,
घेताना दरवेळी वेगळं घेते.
चार मोजत आत, सहा मोजत बाहेर.
पहिल्या दिवशी मला लाज वाटली
जन्मभर करत आलेली गोष्ट शिकायला पैसे मोजताना.

ओढ्याच्या थंड पाण्यात तोंड बुडवूनही पाहिलं,
डॉक्टरणीला विचारून.
एकदा ताल बसला. पाचदा नाही बसला.
पण तळाशी एक ट्राउट होता, अगदी स्थिर,
फक्त कल्ले हलत होते.

वहीत लिहितो: तारीख, कॉफी, बिअर,
जेथ्रोशी भांडण, किती वेळ धडधड.
फिलिपाच्या श्वासासमोर बरोबरची खूण कधी आहे, कधी नाही.
बरं करत नाही तो मला, हे कळून चुकलंय.
पण रात्री तीन वाजता
छातीत कुणी पोतं उघडून बटाटे सांडत असतं
तेव्हा तो सोबतीला बसतो, आणि सल्ला देत नाही.
मी ओठ मिटून गुणगुणतो, ट्रॅक्टरसारखं, सुराविना.
मॉस पायथ्याशी कान टवकारते,
मग पुन्हा झोपते. कुत्रीला पटलं म्हणजे बरंचसं झालं.

भिंतीला दोन अंगं असतात, बाहेरचं नि आतलं,
आणि दोन्हींच्या मधे बारीक दगड भरावे लागतात,
मुठीएवढे, कुणाला न दिसणारे.
आमच्या बोलीत त्या भरणीला काळीजच म्हणतात.
ती घाईने ओतली की भिंत चार हिवाळ्यांत पोट काढते.
एकेक हाताने बसवावा लागतो.
त्यांतले दोन कधी सारखे सापडले नाहीत मला.

शिकाऊ पोरीला, टॅम्सिनला, एवढंच शिकवलंय:
उचललेला दगड खाली टाकायचा नाही,
त्याची जागा शोधायची.
परवा तिनेच मला हे ऐकवलं,
मी धापा टाकत कडेला बसलो होतो तेव्हा.
चार आत, मिस्टर ऑल्डरसन. सहा बाहेर.
तुला कुणी शिकवलं?
तुम्ही दिवसभर मोठ्यानेच मोजता की.

गुरुवारी हॉस्पिटलात बोलावलंय.
विजेचा झटका देऊन ताल बसवून पाहू म्हणतात.
बसला तर बसला. पुन्हा सुटूही शकतो, तेही सांगितलंय.
वही बरोबर नेईन.

अजून साडेतीन यार्ड उरलंय,
आणि पश्चिमेकडे आभाळ बरं दिसत नाही.
टॅम्सिन, ती बारीक खडी इकडे दे.
ती नाही. तिच्यापेक्षा वाकडी.