इंदूर, कसेरा बाजार

मागच्या खोलीत यंत्र लावून तीन आठवडे झाले.
त्याच्या गरम वाऱ्यावर वहिनी साबुदाण्याच्या पापड्या वाळवते.
वीजबिल अजून तिच्या हाती पडलेलं नाही.

काल काहीतरी जमा झालं:
शून्य, टिंब, चार शून्यं, मग एक सात.
त्याची किल्ली म्हणजे बारा शब्द.
हरवले तर तक्रार घ्यायलाही कोणी नाही.

कागद भिजतो, फोन चोरीला जातो,
मी तर नळ बंद करायलाही विसरतो.
स्टीलचा डबा घेऊन गेलो
घीसालालजींकडे, भांड्यांवर नावं घालतात ते.
म्हटलं, मशीन द्या, मीच कोरतो.
हसले. "भैया, चाळीस वर्षं नावं घालतोय,
वाचता एकही येत नाही.
आकार तेवढा उतरवतो."

दिली चिठ्ठी.
डब्याच्या तळाला, आतून, किर्र किर्र बारा शब्द;
सातव्यात एक अक्षर उलटं.
दुरुस्त करा म्हणालो नाही.
ते उलटं आहे, एवढं मलाच ठाऊक.

चिठ्ठी समोरच्या जिलबीवाल्याच्या भट्टीत टाकली.

आता डब्यात पापड्या आहेत.
हा कुणाला देऊ नकोस, एवढंच वहिनीला सांगितलंय.
का रे, म्हणाली, चांदीचा आहे?