लहान म्हणतात त्याला

मंगळवारी दोन बरण्या आल्या.
एकीवर लिहिलेलं : स्त्री, एकोणतीस.
दुसरीवर : पुरुष, चौऱ्याहत्तर.
दोन्हींत फॉर्मॅलिन, दोन्हींत वीतभर आतडं,
लहान.

लहान म्हणतात त्याला.
वीस फूट असतं. उलगडलं तर
लॅबच्या दारातून जिन्यापर्यंत जाईल.
वरून घातलेली दुर्बीण तिथवर पोचत नाही,
खालून घातलेली आधीच थांबते.
एसटी न जाणारी वाडी असावी तसं,
तिथं काय चाललंय ते
पार बोभाटा झाल्यावरच कळतं.

बावीस वर्षं मी हेच करते लातुरात.
तुकडा मेणात बसवायचा, पात्यानं कापायचा,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवून
मॅडमच्या टेबलावर ठेवायचा.
माणसं मला भेटत नाहीत.
फायली भेटतात.

एकोणतीसच्या फायलीत दोन वर्षांच्या चिठ्ठ्या.
अ‍ॅसिडिटी. टेन्शन. जागरण कमी करा.
रक्त कमी आहे, पाळीत जास्त जात असेल.
लग्न झालं की थांबेल, असंही कुणीतरी
चिठ्ठीवर न लिहिता म्हणालं असणार.
ती क्लासमध्ये बारावीला जीवशास्त्र शिकवते.
आद्यांत्र, मध्यांत्र, शेषांत्र,
फळ्यावर किती वेळा काढलं असेल तिनं,
आणि खडूचा हात पोटावर दाबून
पोरांकडं वळली असेल.

चौऱ्याहत्तरची फाईल पातळ.
‘वयोमानानुसार’, एवढंच, दोनदा.
मार्केट यार्डात मापाडी होता.
लाभ, दोन, तीन…
काट्यावर एक म्हणायचं नसतं.
आख्खी हयात दुसऱ्याची तूर तोलली,
स्वतःतले चौदा किलो कुठं सांडले
ते घरात कुणी मोजलं नाही.
म्हातारं माणूस, जेवण तुटणारच.

तिला म्हणाले, एवढ्यात कसं होईल.
त्याला म्हणाले, आता व्हायचंच.
काचेखाली पाहिलं तर
वय कुठंच लिहिलेलं नव्हतं.
मॅडम म्हणाल्या, नंबर नीट टाक गं,
स्लाइडी बदलतील.

शनिवारी रिपोर्टच्या खिडकीत मीच बसले,
सुलभा रजेवर म्हणून.
पुढं एक म्हातारा, टोपी, कपाळाला भस्म,
एका हातानं पोट सावरलेलं.
मागं एक पोरगी, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन,
भिंतीला टेकून तिथंही तपासत होती.
नावं विचारली.
मन्मथप्पा. शिवकन्या.
आतून ओळख होती मला दोघांची,
चेहरे पहिल्यांदा पाहत होते.

म्हातारा बाजूला सरला.
“तू घे बाई आधी, तुला शाळा आसंल.”
“नाही आजोबा, तुम्ही कधीचे उभे आहात.”
“मला काय धाड भरलीय. पोट तेवढं दुखलालंय जरा.”
“माझंही,” ती म्हणाली,
आणि दोघं हसली,
एकाच गावची निघावीत तशी.
लखोटे माझ्याच हातात राहिले.

तेवढ्यात मुलगा आला औशाचा,
खिडकीत वाकून हळू आवाजात :
“ताई, केमो-बिमो लिहिलं असंल तर
सांगू नका त्यांना. ह्या वयात कशाला हाल.”
म्हातारा ऐकत होता.
“मला इचार की आधी,” म्हणाला.
“आतडं माझंय.”

पोरीचं लाल पेन थांबलं.
मुलगा फरशीकडं बघत राहिला.
मी घसा साफ केला, म्हणाले,
सोमवारी मोठे डॉक्टर बसतात,
नंबर लावावा लागेल.
वही उघडली. पान कोरं होतं.
“एक नंबर कुणाचा लिहू?”

“एक न्हाई म्हनायचं, बाई,” तो म्हणाला.
“लाभ म्हन.”

वहीत मी एकच लिहिला.
तोंडानं मात्र म्हणाले, लाभ.
मग तिच्याकडं वळून,
दोन.