हेड फेणीनं पुसायचं

हेड फेणीनं पुसायचं, कायतानबाब सांगतो,
काजूच्या. माडाची चालत नाही.
कापूस आडवा फिरवायचा,
उभा फिरवलास तर मेला व्हीसीआर.
वाटीत उरते ती तो पिऊन टाकतो
आणि कॅसेट आत ढकलतो तळहाताने,
भट्टीत पाव सारावा तशी.

मांगोर हिलवरच्या या खोलीत मी वही उघडून बसलोय.
डिचोलीहून बस बदलत बदलत आलो
एकाच सिनेमाच्या चार प्रती शेजारी शेजारी बघायला.
बायको म्हणाली, चारही वेळा तेच हरणार ना?
तेच हरतात.
गोठलेली नदी, माघारी निघालेली पलटण,
बाराव्या मिनिटाला घोडा मरतो.
चारही प्रतींत मरतो, मी तपासलंय.

पण कॅसेटीत रात्र म्हणजे रात्र आहे.
नुसते आवाज: बूट, खोकला, कुणाचं तरी नाव.
त्याच्या मुलीने लिस्बनहून पाठवलेल्या डिस्कवर
तीच रात्र इतकी धुतली आहे
की चंद्र नसताना खंदकातले दात मोजता येतात.
बर्फही स्वच्छ. पूर्वी त्यावर दाणा होता,
खरखर होती, थंडी त्या खरखरीत होती.
मी वहीत लिहितो: चित्र उत्तम. थंडी कमी.

पणजीच्या फूटपाथवरच्या दोन सीड्यांबद्दल काय लिहू?
कव्हरावर भलताच नट, हातात भलतीच बंदूक,
आणि नदीच्या ऐन मध्यात पहिली सीडी संपते.
पलटण बर्फावर तशीच उभी
कायतानबाब गुडघे धरत उठेपर्यंत,
दुसरी सीडी बनियनला पुसून घालेपर्यंत.
"यातच ती खरी दमलेली दिसतात," तो म्हणतो.

मग तो पाव.
सार्जंट खिशातून काढतो, मोडतो,
अर्धा उजवीकडे धरतो.
कॅसेटीत टीव्हीच्या मापाला चित्र कापलंय,
हात कडेपर्यंत जातो आणि संपतो.
खाली डच अक्षरं, रॉटरडॅमच्या गोदीवर घेतलेली ना ती.
तारवावर चौदा वर्षं
कायतानबाबला वाटायचं, तो देवाला देतोय,
आणि तेवढ्यापुरता तो बंकवर उठून बसायचा.

कुवेतहून भाच्याने डीव्हीडी आणली,
वरखाली काळ्या पट्ट्या, चित्र आडवं उघडलं
आणि उजवीकडे माणूस निघाला.
शत्रूचा. हात बांधलेला. तोंड उघडून थांबलेला.
इतकी वर्षं तो तिथेच होता, टीव्हीच्या लाकडापलीकडे.

नव्या डिस्कवर तर दोरीसुद्धा कळते:
गाठ नाहीच, टोक त्याने स्वतःच मुठीत धरलंय.
मी चित्र थांबवून दाखवतो. वाटलं, हसेल.

खिडकीच्या गजांवर बंदरातला कोळसा बसलाय.
तो त्यावरून बोट ओढतो, बोट चड्डीला पुसतो.
"एकसष्ट साली पाकले पकडून ठेवले होते,
इथेच खाली, कुंपणात. मी नऊ वर्षांचा.
मांयने दोन पाव दिले, देऊन ये म्हणाली.
एक मी वाटेत खाल्ला."

दुसऱ्याचं तो काही बोलत नाही.
खाली पोदेराचा पोंपों, संध्याकाळचा.

मी वहीत चार रकाने आखले होते:
आवाज, काळोख, कडा, लांबी.
कडांच्या रकान्यात अजून काहीच नाही.
तो डिस्क काढतो, तिच्या जड डब्यात ठेवतो
आणि पुन्हा कॅसेट सारतो.
उलटी फिरवताना बर्फावरून पलटण मागे मागे पळते,
घोडा उठतो.
"पळय," तो म्हणतो, "हात जाईल तिथे बघ."
मी बघतो. लाकूड आहे.
लाकडावर कोळशाची धूळ,
आणि धुळीत चार बोटं उमटलेली, जुनी.